सुभद्राबाईंचा अर्धा तास

लिंबायतच्या त्या दोन गल्ल्यांत बोअरचं पाणी खारं. डाळ शिजत नसे. गोड पाणी लांबच्या कालव्यावरून मोठ्या नळानं यायचं, दिवसाला एकच तास, दुपारी चार ते पाच. एका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला की मगच दुसरीकडे धार लागायची. तो कुणी फिरवायचा, यावरून शहाण्णवच्या उन्हाळ्यात दोघांची डोकी फुटली.

मग सगळ्यांनी सुभद्राबाईंना गाठलं. धुळ्याकडून आलेली, पन्नाशीची विधवा बाई, घरी बसून मजुरीवर साड्यांच्या घड्या घालायची. घर व्हॉल्व्हच्या समोरच. कुणाच्या अध्यातमध्यात नाही, म्हणून दोन्ही गल्ल्यांना ती चालली. तिला कुणी विचारलं नाही, सांगितलं फक्त.

ती घड्याळ घेऊन उन्हात उभी राहायची. अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. पलीकडच्या गुजराती गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ही स्वतःच्या गल्लीला जास्त सोडते. तिच्या मराठी गल्लीतल्या म्हणायच्या, ही त्यांना फितूर झाली. आधी ती उत्तरं द्यायची, पुढं पुढं नुसती मान हलवायची.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिच्याच गल्लीत राहणारा धाकटा दीर चिंधा आला. त्याच्या लेकीचं, जयश्रीचं लग्न होतं.

"वहिनी, पाव्हणा घर भरी येल शेत. आज धा मिनिटं जास्ती सोड."

"नही जमाव, चिंधा. जो तो घड्याळ देखीसन मोजी लेस."

चिंधानं टँकर मागवला. मांडवात तिला कुणी 'या' म्हटलं नाही. ती एका कडेला जेवली आणि चार वाजायच्या आत परत आली.

चारच दिवसांनी भाईदास तिच्या दारात उभा राहिला. पलीकडच्या गल्लीचा तो पुढारी, एरवी तोंडाचा फाटका. त्या दिवशी हळू बोलला. "सुभद्राबेन, बा गेली, आई माझी. स्मशानातून माणसं परत येतील, अंघोळीला पाणी नाही."

तिनं त्यांच्या गल्लीला चाळीस मिनिटं सोडलं.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर दोन्ही गल्ल्या बसल्या. चिंधा सर्वांसमोर ओरडला, "घरच्या लेकीला नाही, आणि परक्याला दहा मिनिटं?"

"हो, दिली," ती म्हणाली. "त्या टाइमाला मला तेवढंच सुचलं."

तिनं भाईदासकडे पाहिलं. तो चपलेचा अंगठा नीट करत राहिला. लोकांनी तिला काढलं आणि चौघांची कमिटी नेमली. कमिटीनं व्हॉल्व्हला कुलूप लावलं, ते आठ दिवसांत कुणीतरी फोडलं. पावसाळ्यापर्यंत पुन्हा दोन वेळा मारामाऱ्या झाल्या.

गणपतीच्या सुमाराला भाईदास परत आला. खाटेवर टेकला. "बेन, तुम्हीच बघा परत. तुमच्या वेळेला बरं होतं."

"त्या दिवशी ओट्यावर का नाही बोललास, भाऊ?"

"माझीच माणसं म्हणाली असती, हा बाईला फितूर झाला."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. पाय दुखत होते, एवढंच जाणवलं.

"नको रे," ती म्हणाली. "आता उभं राहवत नाही."

भाईदास चहा पिऊन गेला. पुढल्या आठवड्यात दोन्ही गल्ल्यांनी बमरोलीहून एक परका माणूस पगारावर आणला. तो दिवाळीपर्यंतच टिकला.