मागच्या चाकांचे कॅलिपर आणि जावयाचा मान

मला गाड्यांतलं काही कळत नाही, हे साऱ्या सासरवाडीला ठाऊक होतं. तरीही शर्यतीच्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण एका रविवारी जेवताना मी त्या विषयावर बोललो. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले होते. चौथा पाहिला असता तर कदाचित गप्प बसलो असतो.

सासऱ्यांचं अकोल्यात गॅरेज होतं, आणि तरुणपणी ते शर्यतीत उतरायचे. तेव्हाची ती बुटकी, दोन दारांची गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा गेला होता. उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, आणि तेही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याआधी त्यांना ती गाडी एकदा चालवायची होती. रस्त्यावर नाही, मित्राच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात, सकाळच्या उजेडात, सरळ नाकासमोर.

गाडीच्या मागच्या ब्रेकचे ड्रम गंजून गेले होते, त्यांचे भाग मिळत नव्हते. म्हणून मागे डिस्क बसवायची ठरली. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर, आणि त्याला आतून रेटतो तो पिस्टन, इतपत मला समजलं होतं.

अमरावतीच्या भंगारवाल्याकडे दोन जोड्या निघाल्या. एक बारकी, काळपट. दुसरी चांगली दणदणीत, जीपसारख्या कुठल्याशा जड गाडीची.

"पुढच्या बिरेकचा पिस्टन केवढा हाये?" त्यानं विचारलं.

"मोठी द्या," मी म्हणालो. "ब्रेकचा मामला आहे."

आमच्या घरात शर्टापासून कुकरपर्यंत सगळं एक माप मोठंच घेतात. ती जोडी पिशवीत घालून मी बडनेऱ्याहून रेल्वेत बसलो आणि अकोल्यापर्यंत ती मांडीवर धरून होतो.

सासऱ्यांनी कॅलिपर हातात घेतला. पिस्टनवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"दुसरी जोडी नोती काय, जवाईबुवा?"

"होती. पण बारकी होती, मामा."

सासऱ्यांच्या जुन्या मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बसव," सासरे त्याला म्हणाले. "त्यायनं आणली म्हणजे चांगलीच असन." आणि आत ओरडून माझ्यासाठी चहा मागवला.

कॅलिपर धरायच्या पट्ट्या बनवून घेण्यात, ब्रेकचे पाइप ओढण्यात दोन महिने गेले. जिनिंगच्या आवारात पहिली चाचणी मिस्त्रीनं घेतली, हे नशीब. वेग धरून त्यानं पाय दाबला आणि गाडी स्वतःभोवती फिरून पाठमोरी भिंतीवर गेली. त्याला खरचटलंही नाही. मागचा अॅक्सल मात्र वाकला.

"मांगचं चाक आधी जाम झालं," तो कपडे झटकत म्हणाला. "बिरेक मारला का वजन पुढं जाते, मांगचं हलकं होते. मांगं बारकाच पाह्यजे. हे तं पैल्या दिवसापासून मालूम होतं."

"मग सांगितलं काहून नाही?" घाबरलो की माझी वऱ्हाडी बाहेर पडते.

"बाबूजीनं मना केलं. म्हणे, जवायानं हातानं आणलं, तोंडावर कसं नाही म्हनाचं?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीच्या दिशेनं तोंड करून उभे होते. गाडी त्यांना दिसत होती की नाही, कोण जाणे.

अमरावतीला त्या भंगारवाल्याकडे परत गेलो तेव्हा बारकी जोडी विकली गेली होती. तसलीच दुसरी सापडायला आणि अॅक्सल सरळ व्हायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला आम्ही गेलो, तेव्हा सासरे भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि माझ्या आवाजाकडे वळून हसले.

तरी आम्ही त्यांना गाडीत बसवलं. मागची चाकं जॅकवर उचललेली होती. मी चाक हातानं गरगर फिरवायचो, ते पाय दाबायचे.

"धरलं?"

"धरलं, मामा."

"सोडलं. फिरवा."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मला राहवलं नाही. "तेव्हाच बोलायचं होतं ना मला."

"पोरगी देल्ली तवाबी लय बोलाचं होतं," ते म्हणाले. "तवाबी नाही बोललो."

मिस्त्री तोंड फिरवून हसला. मीही हसलो. मग सासरे म्हणाले, "आता बरोबर हाये. गाडी घेणारा असन तं पाहा कोणी."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. "फिरवा," ते म्हणाले. मी चाक फिरवलं, त्यांनी थांबवलं.