न विचारता दुसरा चहा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत चालवणारे गुरुबसप्पा म्हणजे भावकीतले मुरलेले पाहुणे. कुणाच्या मुलीची सोयरीक जुळत आली की मुलाकडचं घर बघायला त्यांनाच धाडायचे. सातबारा, पगाराची पावती असल्या कागदांना ते हात लावत नसत. न कळवता जाऊन टेकायचे आणि पहिला चहा संपतो न संपतो तोच दुसरा न विचारता समोर येतो का, एवढंच बघायचे. आला तर घर सुखी. "अजून घेणार का?" असं कुणी विचारलं की हे टोपी घालून उठलेच म्हणून समजा.

त्यांच्या स्वतःच्या घरी चहाचं पातेलं चुलीवरून कधी उतरत नसे. मोंढ्यात ते हे छाती फुगवून सांगत. पातेल्याशी त्यांच्या पत्नी नागुबाई असायच्या, ते सांगायचं राहून जाई.

धाकट्या भावाची, शिवशंकरची मुलगी साक्षी पुण्यात नोकरीला होती. पगार अडतीस हजार. एवढ्यात पुण्यात सुखानं राहता येतं का, यावर घरात रोज खल चाले. मोबाइलवरच्या व्हिडिओतला एक जण म्हणे, साठ तरी पाहिजेत. दुसरा म्हणे, लाखाच्या खाली पुण्याचं नाव काढू नका. त्यातच पोरीनं मैत्रिणींसोबतचं राहणं सोडून एकटीची खोली घेतली आणि शिवशंकरचा धीर सुटला.

"अण्णा, तुमी जाऊन या," तो म्हणाला. "सुखात हाय म्हणलात तर राहू द्या. न्हाईतर सामान बांधून संगंच आणा. हितल्या शाळेत नोकरीला लावू कुठंतरी."

गुरुबसप्पा चार दिवसांचे कपडे आणि ज्वारीचं पोतं घेऊन निघाले. पुण्यात तिच्या इमारतीच्या फाटकावरच्या वॉचमननं "कोणाकडे?" म्हणून अडवलं, वर फोन लावून परवानगी घेतली, तेव्हाच त्यांनी मनात एक फुली मारली. पाहुण्याला सोडू का म्हणून विचारायचं असतं होय!

काकांची परीक्षा साक्षीला लहानपणापासून तोंडपाठ होती. एक कप संपायच्या आत दुसरा आला. मग तिसरा. दूध संपलं तशी ती जिने उतरून धावत पिशवी घेऊन आली. चौथा कप काकांना नकोसा झाला, पण परीक्षकानं कप नाकारायचा कसा? ती सारखी उभीच होती. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर हे बसले होते. तिचा स्वतःचा कप ओट्यावर साय धरून पडला होता.

"तू पी की गं माय."

"पिते की काका, तुमचं होऊ द्या आधी."

हे वाक्य आपण कुठं ऐकलंय, ते त्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते बाहेर येत होते, तर दारातच थबकले. काका आत आहेत तोवर साक्षी खुर्चीत बसली होती. पाय खिडकीच्या कट्ट्यावर, हातात वाफाळता चहा. घोट घोट करत तिनं कप संपवला. हाक मारायला कुणी नव्हतं. पोरीच्या चेहऱ्यावर असं निवांतपण त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पाहुणपणाच्या अख्ख्या कारकिर्दीत पहिल्यांदाच गुरुबसप्पा पाऊल न वाजवता मागे फिरले आणि न्हाणीत जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले. तिथं त्यांना ते वाक्य कुणाचं ते आठवलं. नागुबाईंना गरम चहा पिताना आपण कधी पाहिलंय, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवेना. लाज वाटली त्यांना.

त्याच दिवशीच्या गाडीनं ते परत निघाले.

"काका, काई चुकलं का माझं?" साक्षीचा आवाज रडवेला झाला.

"न्हाई गं. पास झालीस," ते म्हणाले. "तुझा काकाच नापास झालाय."

उदगीरला शिवशंकर ओसरीवर वाटच बघत होता. "भागतं का अण्णा तेवढ्या पगारात?"

"लई सुखात हाय पोरगी. एवढंच की आपल्यातलं कुणी तिकडं उठसूट जायचं न्हाई."

शिवशंकर गेल्यावर ते स्वयंपाकघरात शिरले आणि नागुबाईंपुढं स्वतःच्या हातानं पाट टाकला. "बस. आधी चहा पी."

"तब्येत बरी हाय नव्हं तुमची?" नागुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

एवढ्यात बाहेरून शेजारच्या शेषेरावांची हाक आली. "गुरुबसप्पा हायेत का घरी?"

नागुबाई सवयीनं उठायला लागल्या. त्यांना खांद्याला धरून खाली बसवत गुरुबसप्पा ओरडले, "न्हाईत!"

मग शेषेरावांनी जपून विचारलं, "मग कधी येणार हायेत?"

"हिचा चहा झाल्यावर!"

नागुबाईंनी हसत हसत कप तोंडाला लावला आणि त्यांची जीभ पोळली. इतका गरम प्यायची सवयच नव्हती त्यांना.