अक्कांची जागा

"मला उचलू नका. गाडी उचला."

अक्कांचं हे वाक्य आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. संध्याकाळी शाळा सुटली की मागं दोन जादा चाकं लावलेली त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी यायची. दारासमोर कुणाची तरी मोटरसायकल आडवी असायचीच. मग हॉर्न, आणि पाठोपाठ पालथा हात हवेत डावीकडून उजवीकडं. सरका!

शिवाजी पेठेतली गल्ली ती. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्या तरी सोप्यात शिरावं, अशी. अक्कांना लहानपणी पोलिओ झालेला. स्कूटर दाराला चिकटून लागली, तर कुबड्या घेऊन त्या आपल्या आपण घरात जायच्या. लांब लागली की संपलं. मधे गटारीवरची फरशी, तिच्यावर कुणी तरी ओतलेलं पाणी. सगळा प्रश्न एका स्कूटरएवढ्या रस्त्याचा होता.

माझी पिठाची गिरणी बरोबर समोर. त्यामुळं हे नाटक मला रोज फुकटात बघायला मिळायचं.

आता आमच्या पेठेतली माणसं वाईट नाहीत हो. उलट फार प्रेमळ, आणि तीच तर अडचण! गाडी काढा म्हटलं की काढायची नाहीत, पण चौघं धावत यायची. "गाडी कशाला काढायची, अक्का? तुम्हालाच उचलून आत ठेवतो की!" तालमीत कमावलेले दंड, कुठं तरी वापरायला नकोत?

"मी काय ज्वारीचं पोतं हाय व्हय रे?" अक्का ओरडायच्या. पोरं हसायची. अक्काही हसायच्या.

एकदा मात्र स्कूटरवर बसूनच दळण घेताना त्या मला म्हणाल्या, "भाऊ, शाळेत दिवसभर मी बाई असते. गल्लीत आले की सामान होते." गिरणी चालू असली की बोलावं लागत नाही, तेवढं एक बरं असतं.

त्या चित्रकलेच्या बाई. दारासमोर राखीव जागा आखून द्या म्हणून महापालिकेत खेटे घालून दमल्या. तिथं कुणी 'बघू' म्हणायचं, कुणी 'साहेब जेवायला गेलेत' म्हणायचं. शेवटी एका रविवारी त्या रस्त्यातच पाटावर बसल्या आणि निळापांढरा ऑइलपेंट घेऊन चौकट स्वतःच रंगवली. आत चाकाची खुर्ची. काय देखणं चित्र काढलं होतं! गल्ली लोटली बघायला. बायका त्याच्यावर पाय न देता कडेनं जायला लागल्या. गाड्याही लागेनात. "चित्र खराब व्हईल," म्हणायचे.

"अक्का, जिंकलात की!" मी म्हटलं.

"जागा माझी हाय म्हणून न्हाय सोडली, भाऊ. रांगोळी समजून सोडली. असू दे, मिळाली न्हवं?"

पण ती मिळालेली जागाच घात करून गेली. शिवजयंतीला मंडळानं ठरवलं, यंदा अक्कांचा सत्कार करायचा. आणि स्टेज बांधलं कुठं? बरोबर अक्कांच्या चौकटीवर! गल्लीत मोकळी जागा तेवढीच होती ना. त्या दिवशी अक्कांची स्कूटर चौकात राहिली आणि चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. हलगी, शिट्ट्या, शाल, नारळ. 'आपल्या गल्लीचा अभिमान' वगैरे बोलून झालं. मग अक्कांनी माईक घेतला.

"सत्काराबद्दल आभारी हाय. आता माझी गाडी कुठं लावू, तेवढं सांगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्का गंमत करत्यात, असं वाटलं सगळ्यांना. त्या टाळ्या आठवल्या की मला अजून संताप येतो.

स्टेज निघालं, त्याच्याबरोबर रंगही निघाला. चित्र गेलं आणि गाड्या परत आल्या. पावसाळ्यात एकदा साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांची मोटार अक्कांच्या दारात लागली होती. कुणाची, ते कळेना. अक्का चौकातून कुबड्यांवर चालत निघाल्या, आणि गटारीच्या फरशीवर कुबडी सटकली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा पोरांनी त्यांना उचलून रिक्षात ठेवलं.

भावानं त्यांना कळंब्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी पीठ घेऊन भेटायला गेलो. इमारत नवी, लिफ्ट आहे, खाली पार्किंग ऐसपैस. एका खांबाजवळ अक्कांची स्कूटर कव्हर घालून उभी.

"इथं जागा लै हाय, भाऊ," पलंगावरून अक्का म्हणाल्या. "पण आता मला गाडीवर बसता येत न्हाय."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी गल्लीची बातमी सांगितली. पोरांनी चौकट पुन्हा रंगवली होती. खुर्ची वाकडी आली होती, चाक अंड्यासारखं झालं होतं, पण आता तिथं सायकलसुद्धा कुणी टेकवत नव्हतं.

"आता कशाला?" अक्का म्हणाल्या. "लावू दे की लोकांना. त्यांनी तरी गाड्या कुठं लावायच्या?" आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

थंडीत अक्का गेल्या.

परवा एक मोटार त्या चौकटीत शिरायला लागली. मी गिरणी बंद करून बाहेर आलो.

"पावणं, तिथं नको."

"मोकळीच तर हाय की! कुणाची गाडी यायची हाय?"

कट्ट्यावरची पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"अक्कांची," मी म्हटलं. "येतील एवढ्यात."

पाहुण्यानं गाडी मागं घेतली.