रुस्ताकचा तिसरा फिंजान

वसंता गेला हे कळवायला मी फोन लावले, तेव्हा पहिल्या तिघांनी "फेकू नकोस" म्हणून फोन ठेवला. चूक त्यांची नव्हती. इथे आखातात, आमच्या दार्सैतच्या वस्तीत माझी ख्यातीच तशी. मी जिन्यात पाहिलेली पाल दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मगर होते. चौथ्या फोनवर मी नुसता रडलो, तेव्हा कुठे खरं वाटलं...

गुहागरचा हा एसी मेकॅनिक अकरा वर्षं माझ्या खोलीत राहिला. कामावर ‘यल्ला’ म्हणजे चला, ‘खलास’ म्हणजे संपलं, एवढ्या अरबीवर आमचं भागायचं. याला मात्र इथल्या माणसांशी बोलायचं होतं. म्हणून दर शुक्रवारी सकाळी माझ्या गाडीतून रुस्ताकच्या बाजारात, खजूर विकणाऱ्या म्हाताऱ्या सालेमकाकांकडे. अरबी शब्द जेमतेम चाळीस, पण ऐट अशी की खजुरांनी माना वळवाव्यात. काकांनी पहिला धडा दिला तो रीतीचा. कुणी "कैफ हालक?" म्हणून खुशाली विचारली, की आधी "बखैर", सगळं ठीक. बातमी विचारली, तर बातमी काही नाही. घर जळत असलं तरी आधी ठीक, मग कहवा, मग आग. आणि कहवा, म्हणजे ती बिनदुधाची कॉफी, पुरे झाला की त्याचा चिमुकला पेला, फिंजान, हलवून परत द्यायचा. नाहीतर यजमान भरतच राहतो. पहिल्या दिवशी हे ठाऊक नसल्याने वसंत्याने सतरा फिंजान रिचवले. बरं, सात.

त्या शेवटच्या शुक्रवारी तो घामाने निथळत होता. काकांनी खुशाली विचारली, याने खणखणीत "बखैर" ठोकलं. मी कौतुकाने टाळी वाजवली... परतताना गाडीत म्हणाला, "तिथं बसल्यापासून छातीत कळ येतेय रे."

"गाढवा, मग बोलायचंस ना!"

"त्यांच्या भाषेत येत नाय. आणि तुला सांगितलं असतं, तर शहरात रुवीला पोचेपर्यंत तू माझी तिरडी बांधली असतीस."

इस्पितळ येण्याआधीच तो गेला.

महिन्याने एकटाच रुस्ताकला गेलो. ‘मात’, म्हणजे वारला, एवढा एकच शब्द वाटभर घोकला. काकांनी हात धरला, खुशाली विचारली, बातमी विचारली. आणि जन्मभर थापा मारलेल्या या तोंडातून रीतीचंच निघालं, "बखैर." काकांनी माझ्यामागे गाडीकडे पाहिलं. तीन फिंजान मांडले, तिन्ही भरले. दोन आम्ही प्यालो. मग ते तिसऱ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे... मी तो उचलला, प्यालो, हलवला आणि त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो धुतला आणि फळीवर पालथा घातला. परवाच्या शुक्रवारीही तिथेच होता.