परत गेलेल्या लेन्स

फोन आला तेव्हा मी हिंगोलीत छापखान्यात उभी होते, हातात एका सभेच्या पत्रकाचं प्रूफ होतं. मामी म्हणाली, "बाई, तुजे मामा गेले." आणि मग, "आन् कुरियरवाला दारात उभा हाय. त्यांच्या नावाचा डबा आलाय. घेऊ का परत करू?" मी म्हणाले, परत कर. दिगूमामांच्या मरणानंतर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. त्या डब्यात कॅमेऱ्याची लेन्स होती, हे आम्हा दोघींना न उघडता ठाऊक होतं. मामांच्या घरी दुसरं काही कुरियरनं येतच नसे. आता काही आठवडे उलटलेत, सभा झाली, पत्रकं वाटून संपली, आणि मी हे लिहायला बसले आहे.

मामा औंढा नागनाथला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून होते. घर देवळामागच्या गल्लीत. आजोबांकडे देवळातल्या फुलाबेलाची सेवा होती, ती धाकट्या मामांकडे गेली आणि दिगूमामांकडे आला कॅमेरा. तोही जुना, कुणीतरी वापरून विकलेला. पण मामांचा खरा जीव कॅमेऱ्यात नव्हता, लेन्समध्ये होता. वापरलेल्या, जुन्या, हातानं फोकस करायच्या लेन्स ते मोबाइलवर शोधून मागवायचे. डबा आला की आधी खिडकीशी जाऊन काचेतून टॉर्च मारायचा आणि आत बुरशीचा ठिपका आहे का बघायचं. मग फोकसचं कडं फिरवून बघायचं, अडकतं का, सैल आहे का. कडं कानाशी धरून ऐकायचेसुद्धा. मामी म्हणायची, "टरबूज घेऊन राहिलेत का काय, वाजवून बघतेत!"

त्यानंतरची परीक्षा भिंतीवर व्हायची, आणि त्या परीक्षेत आमच्या घराचा वाटा होता. माझे बाबा संघटनेचं काम करायचे. पत्रकांच्या घड्या घालतच मी अक्षरं शिकले. मामांना त्या पत्रकांतल्या मजकुराशी काहीएक देणंघेणं नव्हतं. पण मागच्या खोलीच्या भिंतीवर ते बाबांची आणि पुढे माझी पत्रकं एकाला एक लावून चिकटवायचे, समोर कॅमेऱ्याची तिपाई ठेवून फोटो काढायचे आणि संगणकावर मोठा करून वाचायचे. मधोमध मोठ्या टायपात 'जाहीर निषेध' आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, मुद्रकाचं नाव. "मधलं कुणीबी दाखवतं गं," मामा म्हणायचे, "कोपऱ्यातला मुद्रक वाचता आला तर लेन्स ठेवायची. न्हाईतर परत." मी चिडायचे. रात्रंदिवस खपून लिहिलेल्या पत्रकातलं यांनी फक्त छापखान्याचं नाव वाचलेलं! "मामा, मजकूर कसा वाटला?" म्हटलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "टाइप एकदम बराबर हाय. भाषण तेवढं जरा कमी कर."

बहुतेक लेन्स परत जायच्या. कुणाचे कोपरे मऊ, म्हणजे धूसर, कुणाच्या कडांना जांभळी झालर. या सगळ्यात मामीला एक वचन दिलेलं होतं. लग्नानंतर मामांनी तिचा एकही धड फोटो काढला नव्हता. "चेहऱ्यासाठी लेन्स येगळी लागते," ते सांगायचे. "पापणी न् पापणी दिसली पायजे, आन् मागचं सगळं विरघळलं पायजे. तशी घावली की आधी तुझा." मामी पोळी लाटता लाटता म्हणायची, "घावंल तवर माजं काय विरघळंल ते बघा." ती हसायची, पण वाट बघत होती. सणाला नवीन लुगडं नेसली की एकदा मागच्या खोलीत डोकावून जायची.

दोनेक वर्षांपूर्वी अशी लेन्स आली. मामांनी तिला तिपाईवर चढवली, डावा डोळा मिटून उजवा कॅमेऱ्याला लावला, आणि म्हणाले, "ही बी गेली. कोपरे स्वच्छ, मधे धूसर." परत पाठवली. दुसरी आली. तिचंही तेच. तिसरीच्या वेळी मी तिथं होते. मी डोळा लावला, कडं माझ्या हातानं फिरवून बघितलं, मला तर 'जाहीर निषेध' लख्ख दिसत होतं. "तुला काय कळतं त्यातलं," मामा म्हणाले, आणि आधी स्वतः काढलेला फोटो संगणकावर दाखवला. फोटो खरोखरच धूसर होता. फोकस मामांनीच केला होता, तेव्हा तो धूसर येणारच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोपऱ्यात चांगली आणि मधे वाईट अशी लेन्स सहसा नसते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी त्यांनी डबा बांधायला घेतला. मामी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "सगळ्या लेन्सा बिघडल्या, आन् तुमचा डोळा तेवढा नवा!"

मामा हसले. आणि मग हसता हसता थांबले. त्यांनी लेन्स पुन्हा चढवली. या वेळी उजवा डोळा मिटला आणि डावा लावला... किती वेळ ते तसेच वाकून उभे होते. नंतर लेन्सला टोपण लावलं आणि म्हणाले, "चहा निवला का?"

मामांना साखर होती. दोन्ही डोळे उघडे असताना डावा उजव्याचं सांभाळून घेत होता, म्हणून कचेरीत, रस्त्यावर, घरात काहीच कळलं नाही. उजवा डोळा एकटा फक्त लेन्सपुढे यायचा, आणि तिथं दोष लेन्सचा निघायचा. नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही. डाव्यात सुरुवात झाली आहे. इंजेक्शनं घेऊ, राहिलंय ते धरून ठेवता येतं का बघू. वर्षभर आधी आला असतात तर...

वाक्य तिथंच थांबलं, आणि माझं डोकं तापलं. मला पत्रक काढायची सवय आहे. अन्याय दिसला की मी कुणाविरुद्ध ते आधी ठरवते आणि मग लिहिते. औंढ्यातून निघालं की डोळ्याचा पडदा बघणारा माणूस पार नांदेडला भेटतो, यावर लिहिता येईल. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला डोळेही दाखवावे लागतात, हे मामांना इतक्या वर्षांत कुणी बजावलं नाही, यावरही लिहिता येईल, आणि मी लिहीनच. पण काचेतला बुरशीचा ठिपका टॉर्च मारून शोधणाऱ्या या माणसानं स्वतःच्या डोळ्यात कुणाला टॉर्च मारू दिला नव्हता. त्याचा निषेध मी कुणापाशी नोंदवू?

मग मामांना घाई झाली. पुढची लेन्स आली ती त्यांनी भिंतीपुढे नेलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा न घेता लेन्स ठेवली. दुपारी मागच्या दारात उजेड मऊ असतो. तिथं ते मामीला स्टुलावर बसवायचे आणि कडं फिरवत राहायचे. थोडं पुढं, थोडं मागं, पुन्हा पुढं. "हलू नको." "हालून न्हाई राहिले." "श्वास घेतलास." "मग काय घेऊ, समाधी?" मी म्हणाले, मामा, यंत्राला करू द्या की फोकस, आजकाल कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो. ते माझ्यावर उसळले. "मग मी काहून उभा हाय इथं? माझ्या बायकोचे डोळे यंत्रानं शोधायचे?"

फोटो काढला की मला हाक यायची. त्यांना आता संगणकाच्या पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं. "तू बघ. खरं सांग. पत्रकवाली हाईस, खोटं बोलायचं न्हाई." मी बघायचे. मामीच्या मागच्या दाराची कडी तीक्ष्ण आलेली असायची. कधी कानातली कुडी, कधी खांद्यावरचा काठ. डोळे कधीच नाहीत. मी सांगायचे, "न्हाई आला, मामा." मामीनं एकदा मला स्वयंपाकघरात ओढलं. "व्हय म्हण की एकडाव. तुजं काय जातंय?" मी म्हटलं नाही. आज विचारलं तरी म्हणणार नाही. मामांनी जगातल्या सगळ्या माणसांतून मला विचारलं होतं, ते मी खरं सांगेन म्हणून. यातून मला कसलंही समाधान मिळालेलं नाही. खरं बोलण्यानं कुणाचं काही भलं होतं असं मला लहानपणापासून शिकवलं गेलं. त्या मागच्या दारात तसं काही झालं नाही.

पुढे डावाही मंदावला. मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं. एके दिवशी मामा म्हणाले, "ही लेन्सच मऊ हाय गं. दुसरी मागव." सगळं माहीत असलेला माणूस पुन्हा लेन्सवर बोट ठेवत होता. मी वाद घातला नाही, मागवली. ती पोचली त्या सकाळी ते झोपेतून उठले नाहीत.

मागच्या आठवड्यात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी मामीचा फोटो हवा होता. मी तिला बसस्टँडजवळच्या स्टुडिओत नेलं. फोटोवाल्यानं तिला निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं, कॅमेरा उचलला, दाबला. एवढंच. संगणकाच्या पडद्यावर मामी आली. पापणी न् पापणी, कपाळावरची पुसलेल्या कुंकवाची फिकट जागा, सगळं लख्ख. "झालं काकू, उठा," तो म्हणाला.

मामी उठली नाही. हनुवटी जराशी डावीकडे, हात मांडीवर, श्वास धरलेला. बाहेर पुढचं गिऱ्हाईक थांबलं होतं. फोटोवाला माझ्याकडे बघायला लागला. मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मामी, झालं.

ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, "थांब गं. त्यांना येळ लागतो."