कडेवरचं नाव

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकींना नाही. देवापुढंसुद्धा उभी राहिले तर दुसरंच काही बोलून आले. तुम्हाला सांगते.

लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात एक चौकट आहे. निळ्या मखमलीवर चांदीचा बिल्ला, पुढं काच. लोक विचारतात, इतका सुरेख कसा बसवला? मी सांगते — खिळा नको, डिंक नको. रेशमी दोऱ्याचे चार टाके घ्यायचे. बिल्ल्याची फीत उन्हानं विटते, म्हणून उन्हाची भिंत नको. काच बिल्ल्याला टेकू द्यायची नाही. सगळं खरंच सांगते. मग राहिलं काय?

बिल्ला माझ्या धाकट्या दिराचा. महाराजांच्या घोडदळातून तो समुद्रापलीकडं लढाईला गेला आणि तिथल्या वाळूतच राहिला. मागाहून सरकारकडून हा बिल्ला आला. कडेवर त्याचं नाव ठोकलेलं, इंग्रजीत. त्याची बायको गोदू, माझी जाऊ, तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं. नाव कुठं सुरू होतं ते ह्यांनी मला दाखवलं, मी गोदूचं बोट तिथं टेकवलं. मग रोज दुपारी ती मागच्या दारात बसून तो बोटांत फिरवायची. ऊन सरकायचं, बिल्ला फिरायचा. बघता बघता मला लांबून घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या — खऱ्या की पेंगेतल्या, कोण जाणे.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. तलवारीशेजारी बिल्लाही. एरवी तो गोदूकडंच, पण नवमीला विधवेनं पूजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून तो घासायला माझ्याकडं यायचा. एका वर्षी शेजारीण म्हणाली, हा बिल्ला की भाकरीचा तवा? मला झोंबलं. पुढच्या वर्षी चिंच आणि विटेची पूड घेतली. मंडी मोहल्ल्यातल्या सोनारानं बजावलं होतं, मऊ कोरड्या कापडानं पुसा, बाकी काही नको. ऐकलं का मी? बिल्ला लखलखला. अक्षरं पुसट झालेली मला दिसली — हो, दिसली — तरी पुढच्या नवमीला पुन्हा घासला. त्याच्या पुढच्याही.

एका दुपारी गोदू जवळ येऊन उभी राहिली.

"अक्का, ह्यांचं नाव बोटाला लागेना."

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

"रोज कुरवाळतेस, झिजणार नाही तर काय? तुझ्याच बोटांनी गेलं ते."

तिनं आपली बोटं पाहिली, उलटी-सुलटी. बिल्ला माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली.

पुन्हा तिनं त्याला हात लावला नाही. चौकट मी त्यानंतर करवली. जपायला म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. मखमलीची दुमड कडेवर घेतली ती कड कोणाला दिसू नये म्हणून. गोदू दुपारी चौकटीसमोर बसायची, दोन्ही हात पदराखाली. बारा वर्षं. ती गेली तेव्हा तिचे हात मीच सरळ केले. बोटं मऊ होती. अशा बोटांनी चांदी झिजते?

माझ्या हातांना अजून चिंचेचा वास येतो, असं म्हणणार नाही. येत नाही. नाव मी घासून घालवलं. तिला सांगायला बारा वर्षं होती.