एका कानात सांगायची गोष्ट

सोनिवलीच्या सोसायटीतून मी सकाळी नवाच्या सुमारास निघाले. सोनिवली म्हणजे बदलापूरजवळचं गाव. शेतं बुजवून तिथे इमारती उभ्या केल्या आहेत. त्यातल्या एकीत माझा मुलगा राहतो आणि गेले काही महिने मी त्याच्याकडे आहे. गेटवरच्या वॉचमनने वही पुढे ओढली आणि ओरडला, "आजी, कुठे निघालात?" मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझ्याशी सगळे ओरडूनच बोलतात. वरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"बाहेर," मी म्हटलं.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"गेटच्या."

गावाकडे हे वाचताना तुम्हाला वाटेल, शहरात कोण कुणाला विचारतंय. ते मनातून काढून टाका. कान गेल्यापासून माझं खाजगी असं काही उरलेलं नाही. माझं पोट साफ झालं का, हे सून स्वयंपाकघरातून विचारते आणि ते समोरच्या बिऱ्हाडाला माझ्याआधी कळतं.

मी निघाले होते माझ्या मैत्रिणीसाठी, इंदूसाठी. तुमच्यातल्या जुन्या बायकांनी तिला पाहिलं आहे. लग्न करून अंबरनाथला गेली, ती अजून त्याच चाळीत आहे. आता अंथरुणातून उठत नाही, आणि डॉक्टरांनी फार दिवस सांगितलेले नाहीत. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. ती मोठ्याने सांगू लागली, तशी भिंतीपलीकडे चाललेली भांडी घासण्याची खडखड थांबली असावी, कारण इंदूने भिंतीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. लिहून दे म्हणावं तर ती शाळेत गेलेलीच नाही. शेवटी ओरडून एवढंच म्हणाली, "आधी कान नीट करून ये. मला तुला सांगायचंय, चाळीला नाही."

म्हणून आधी कानाच्या मशीनसाठी उल्हासनगर, मग अंबरनाथ. पैसे माझे होते, तेव्हा घरी विचारायचा प्रश्न नव्हता.

स्टेशनचे जिने मला चढवत नाहीत. बदलापूरहून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षा केली. शेजारच्या बाईने बेलवली येईपर्यंत माझं गाव, मुलं आणि गुडघे विचारून घेतले. मग तिने स्वतःचं सुरू केलं आणि पर्समधून एक लहान बाटली काढली. आत तिच्या पित्ताशयातले खडे होते, ऑपरेशननंतर दवाखान्याने दिलेले. "सतरा आहेत, मोजा," ती माझ्या कानाशी ओरडली. बाटली सगळ्यांच्या हातून फिरली. रिक्षावाल्याने सिग्नलला मागे वळून पाहिली. खडे चांगले होते, एकसारखे, मसुरीएवढे. पण ती बाटली घेऊन ती माहेरी चालली होती, हे मला जरा जास्त वाटलं.

अंबरनाथला रिक्षा बदलून चार नंबर कॅम्पात उतरले. उल्हासनगरात पत्ता कॅम्पाच्या आकड्यावर सांगतात. रस्त्यावर पँटींचे ढीग, फर्निचर, आणि त्यातून वाट काढणारे हातगाडीवाले. एका सिंधी दुकानात उभ्याने दाल पकवान (कडक तळलेली मैद्याची पुरी आणि चण्याची डाळ) खाल्लं. माझ्या दातांना ते जमत नाही. डाळीत बुडवून बुडवून संपवलं.

कानाच्या मशीनचं दुकान गल्लीत होतं. मालक पन्नाशीचा. मी बसायच्या आत त्याने मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. "अम्मा, ये आप ही हो ना?"

मीच होते. मॅक्सीवर, डोक्याला तेल चोपडलेली. वॉचमनने सुनेला कळवलं होतं आणि सुनेने तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "सासूबाई सकाळपासून घरात नाहीत. वय बहात्तर, ऐकू येत नाही, पोटाचा त्रास आहे, स्वभाव तापट. दिसल्यास कळवणे." तो फोटो बदलापूर फिरून, अंबरनाथ फिरून, दुकानदाराच्या मेहुणीकडून त्याच्याकडे आला होता.

मी मुलाला फोन लावला, म्हटलं, "मी हरवलेली नाही. संध्याकाळी येते," आणि ठेवून दिला. तोवर दुकानदाराने कान तपासायचा पट्टा डोक्यावर चढवलेला माझा नवा फोटो काढून पाठवला होता. खाली काय लिहिलं ते त्याने मोठ्या समाधानाने वाचून दाखवलं. मी सापडले आहे, मशीन घेते आहे आणि इथून अंबरनाथला मैत्रिणीकडे जाणार आहे. शेवटचं मीच त्याला बोलून बसले होते.

मशीन बसलं. पंखा किती कुरकुरतो ते कळलं. "आता हळू बोला," मी म्हटलं. तो हळू बोलला आणि पहिलीच गोष्ट अशी सांगितली, की त्याची बायको आठ दिवसांपासून त्याच्याशी बोलत नाही.

अंबरनाथला चाळीच्या तोंडाशीच कुणीतरी म्हणालं, "मशीनवाल्या आजी आल्या गं." इंदूच्या खोलीत पोचले तेव्हा माझ्या मागे सात-आठ बायका होत्या. इंदूने डोळे उघडले, त्यांना पाहिलं आणि परत मिटले.

"जरा बाहेर बसा," मी म्हटलं.

शेजारीण लता हलली नाही. "आम्हाला पण कळू दे ना, आजी. मावशीची सून कंपनीत जाते. मावशीचं हगणं-मुतणं आम्हीच काढतो. मग आम्ही काय परक्या?"

ते खरं होतं, म्हणून तिला शिवी देता येईना. आणि काहीतरी हाती लागल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या, हेही दिसत होतं. मी त्यांना गॅलरीत नेलं आणि माझं सांगितलं. माझ्या नवऱ्याने पेणला दुसरं घर केलं होतं. बावीस वर्षं. मी गावात सांगायची, ते मिठागरावर मुक्कामाला असतात. तुमच्यापैकी ज्यांनी मला तेव्हा 'मिठागराचं बरं चाललंय ना' म्हणून विचारलं, त्यांना आज उत्तर मिळालं.

"मुलं होती?" एकीने विचारलं.

"दोन. एक माझ्या धाकट्यासारखाच दिसतो. आता जा."

गेल्या. दोघींनी तर जिन्यातच फोन लावला. लता मागे राहिली. मी आत शिरले, तेव्हा माझ्याकडे बघत तिने इंदूचं दार बाहेरून ओढून घेतलं.

आत इंदू हसत होती. हसताना तिला खोकला येतो. "पेणचं मला माहीत होतं गं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस."

मग तिने मला खाली वाकवलं आणि सांगितलं. अगदी हळू. मला सगळं ऐकू आलं.

संध्याकाळी सोनिवलीला आले तर सोसायटीच्या बायका पेढे घेऊन बसलेल्या. सून रडली, मग चिडली, मग विचारलं, "इंदूमावशी काय म्हणाल्या?" वॉचमननेही विचारलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने.

इतकी वर्षं मी माझं झाकून ठेवलं आणि जिच्यापासून झाकायचं ती सगळं जाणून गप्प बसली. मलाही तेवढं जमेल. इंदूने सांगितलेलं मोठं होतं की लहान, चांगलं होतं की वाईट, हे मी इथे लिहिणार नाही. गावी आल्यावर ओट्यावर बसवून, चहा पाजून विचाराल, तरी सांगणार नाही. विचारायचंच असेल तर पेणचं विचारा. ते माझं आहे, हवं तितकं सांगेन.